गहाण पडलेली सावली

आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजात गेले नव्हते. त्यामुळे मी नगरला नेमके काय शिकतो हे घरात कोणालाच सांगता येत नसे. कोणी विचारले तर वडील "विंग्रजी" एवढेच म्हणत आणि विषय पिकापाण्याकडे वळवीत. आई म्हणे, "लिवतोय काहीबाही." माझ्या शिक्षणाचा उपयोग घरात एकट्या वहिनींना कळला होता. नगरला मोठे वाचनालय होते आणि मी त्याचा सभासद झालो होतो.

वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, माहेरी चौथीपर्यंत शिकलेल्या. श्रावणात आमच्या आळीतल्या बायकांना पोथी वाचून दाखवायची ती त्यांनीच. बाकी वर्षभर मात्र वाचायला काही नसे. दुकानातून गूळ किंवा सुपारी ज्या कागदात येई तो कागद चुलीत घालण्याआधी त्या वाचत आणि मजकूर मध्येच तुटला की चिडत. मी सोनईला, आमच्या गावी, पहिली कादंबरी नेली तेव्हा त्यांनी ती पोथीसारखीच वाचली. हात धुऊन, पाटावर बसून, पुस्तक उशीवर टेकवून. रॉकेल रेशनवर मिळे, तेव्हा रात्रीच्या वाचनाचा प्रश्नच नव्हता. दुपारी भांडी झाली, पुरुष शेतावर गेले, की बायका जमत. कोणी शेंगा फोडी, कोणी गोधडीला टाके घाली. अध्याय अर्धवट सोडायचा नाही हा पोथीचा नियम त्यांनी कादंबरीलाही लावला. पहिला अध्याय संपला तेव्हा आईने उठून पुस्तकावर हळदकुंकू वाहिले.

ते पुस्तक परत करताना वाचनालयातल्या कारकुनांनी पुठ्ठा दिव्याजवळ धरला.

"हे काय?"

"कुंकू," मी म्हणालो. "आईनं वाहिलं."

"कादंबरीला?"

मागे उभे असलेले लोक हसले. मीही हसलो, पण कान तापले होते.

मला वाटत असे की बायकांना प्रेमाच्या कादंबऱ्या आवडतात. खरे सांगायचे तर त्या मलाच आवडत. तशा मी ओळीने नेल्या. वहिनींनी त्या वाचल्या आणि एके दिवशी म्हणाल्या, "भावजी, ह्यात दोघांचं लगीन व्हतंय का न्हाई एवढंच हाय की वो. लगीन झाल्यावर काय व्हतं ते मला म्हाईत हाय. जे म्हाईत न्हाई ते आना."

"म्हंजी कसलं?"

"जादूचं. पाण्याखालचं गाव, उडता पलंग, असलं."

त्यातले मला काही कळत नव्हते. मग मी वाचनालयाच्या पायऱ्यांवर उभा राहून लोकांचे ऐकू लागलो.

संध्याकाळी देवघेवीची खिडकी उघडण्याआधी तिथे बरेच वाचक जमत. पुस्तक परत करणाऱ्याला घेणारा विचारी, "कशी आहे?" आणि त्या उत्तरावर पुस्तकाचे नशीब ठरे. पेन्शनीत निघालेले एक गृहस्थ काठी टेकून एकच प्रश्न विचारीत, "शेवटी लग्न लागतं ना? नक्की? नाहीतर मला झोप येत नाही." एक शिंपी होते, त्यांना जादूगाराशिवाय चालत नसे. एकजण घरून निरोप घेऊन येई, "मंडळींना रडायचंय, रडवणारी सांगा कुणीतरी." मी एकदोनदा धीर करून म्हणालो, "ही चांगली आहे."

"काय चांगलं आहे हिच्यात?" शिंप्यांनी विचारले.

"म्हणजे... भाषा चांगली आहे."

त्यांनी पुस्तक खिडकीवर परत ठेवले.

माझ्या खोलीत राहणारा मुलगा खर्ड्याचा होता. त्याचे वडील मास्तर, आजोबाही मास्तर. घरात पुस्तके इतकी की लहानपणी ती एकावर एक रचून तो शिंक्याला हात पोचवीत असे, असे तोच सांगे. पायऱ्यांवर तो आला की लोक सरकून त्याला जागा देत. पुस्तक चांगले की वाईट हे तो कधी बोलतच नसे. तो गोष्ट सांगायला लागे. नायक भुयारात शिरला, मागचे दार बंद झाले, पुढे कोणीतरी श्वास घेत आहे, इथपर्यंत येऊन तो गप्प बसे.

"मग? पुढं?"

"पुढचं पुस्तकात आहे, काका. घ्या आणि वाचा."

आणि ते पुस्तक जाई. त्याची शिफारस मिळावी म्हणून लोक खिडकी उघडली तरी थांबत. मी त्याच्या शेजारी उभा असे. सुरुवातीला मला त्याचा अभिमानच वाटला. हा माझ्या खोलीतला, असे मी एकदोघांना सांगितलेही.

हुरड्याच्या दिवसांत मी त्याला सोनईला घेऊन गेलो. घोडेगावपर्यंत सर्व्हिस मोटार आणि पुढे आमची बैलगाडी. आमच्याकडे शहरात राहिलेला, शुद्ध बोलणारा पाहुणा मुक्कामाला येण्याची पहिलीच वेळ. आईने ठेवणीतले तूप काढले. शेतावर हुरडा खाऊन आम्ही दुपारी घरी आलो तर पडवीत बायका जमलेल्या आणि वहिनी मोकळ्या हातांनी बसलेल्या, कारण मी त्या खेपेला पुस्तक आणायला विसरलो होतो. पाहुण्याची तयारी करण्याच्या नादात.

"पुस्तक नसलं म्हणून काय झालं, वहिनी?" तो म्हणाला. "मी परवाच एक वाचलंय. सांगतो."

तो पडवीच्या खांबाला टेकून बसला. एका राजाची मुलगी होती. बापाला सोडवण्यासाठी तिने जादूगाराकडे स्वतःची सावली गहाण ठेवली. जादूगाराने सावलीची घडी केली आणि पेटीत ठेवून दिली. आता तिला बाहेर पडायची चोरी. सकाळी पडली तरी लोक बघणार, संध्याकाळी पडली तरी बघणार, की हिला सावली नाही. पण भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, सगळ्यांच्याच सावल्या पायाखाली गेलेल्या असतात. तेवढ्या वेळात कोणाच्या ध्यानात येत नाही. तेवढ्या वेळातच ती बाजारात येई, बांगड्या बघे, लोकांत मिसळे आणि सावल्या लांबायच्या आत पळत परत जाई.

आमच्या पडवीत कोणी शेंग फोडत नव्हते.

"आणि एके दिवशी," तो म्हणाला, "एका बांगडीवाल्यानं तिचा हात धरून ठेवला. सोडेना. सावल्या लांबायला लागल्या..."

आणि गप्प बसला.

"आरं देवा!" शेजारची म्हातारी म्हणाली. "सोड की मेल्या हात!"

"मंग?" वहिनी म्हणाल्या.

"पुढचं पुस्तकात आहे, वहिनी. हा आणून देईल."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. 'हा' म्हणजे मी. हमालाला सामान दाखवावे तसे त्याने मला दाखवले, असे मला वाटले. तो तसे मुद्दाम वागला नव्हता हे आज मला कळते, पण तेव्हाही कळत होते आणि त्याने काही फरक पडला नाही.

तेव्हापासून मी घरी गेलो की वहिनींचा पहिला प्रश्न असे, "पाहुनं काय म्हनत्यात? कोनतं आना म्हनले?" मी स्वतः निवडून नेलेल्या पुस्तकाकडे त्या बघत आणि विचारीत, "हे त्यांनी सांगितलेलं का तुमचं?" मी "माझं" म्हणालो की त्या ते नीट फडताळात ठेवत. वाचत नसत असे नाही. पण ठेवत. एकदा मी चिडून म्हणालो, "मी बी कालिजातच जातो, वैनी."

"न्हाई कोन म्हनतंय?" त्या हसून म्हणाल्या. "पर तुमी सांगताना परीक्षा द्यायला बसल्यावानी बसता."

हे त्यांनी चेष्टेत म्हटले. मला ते कित्येक दिवस आठवत राहिले. खोलीवर तो आरशापुढे भांग पाडताना गुणगुणत असला तरी मला राग येऊ लागला. त्याच्या घरी तीन पिढ्यांची पुस्तके होती, पायऱ्यांवरचे सगळे लोक त्याचे होते. माझ्याकडे एकच वाचक होता, आणि तोही त्याने एका दुपारी, हुरडा खाऊन आल्यावर, जाता जाता नेला.

त्याने नाव सांगितलेली ती सावलीची कादंबरी मी नेली होतीच. मोरपंखी पुठ्ठ्याची, जाडजूड. वहिनींनी ती पाटावर बसून वाचायला घेतली. राजा होता, राजकन्या होती, जादूगारही होता. पण सावली येईना. अध्यायामागून अध्याय गेले. मग मध्ये एका ठिकाणी पाने फाटलेली निघाली.

"हितंच हुतं!" वहिनी म्हणाल्या. "बघा, हितंच हुतं आन् कुनीतरी फाडून नेलं."

"फाडनाऱ्याचं तळपट हुईल," म्हातारी म्हणाली.

"चांगलं असतं तेच फाडत्यात," वहिनी म्हणाल्या. "वाईट पान कुनी फाडत न्हाई."

बायकांनी त्या फाटक्या जागेवरून हात फिरवले, जसे जखमेवरून फिरवावेत. आणि मला काहीतरी आठवले. पायऱ्यांवर शिंपीही एकदा असेच म्हणाले होते, की तुझ्या या मित्राने सांगितलेला भाग नेमका फाटलेला असतो. वाचनालयाच्या पुस्तकांची पाने फाटलेली असतातच, त्यामुळे त्या गोष्टीचा कोणी विचार केला नव्हता. मी केला.

नगरला परतल्यावर मी धड प्रत शोधू लागलो. भिंगारला माझ्या एका वर्गमित्राचे मामा राहत. त्यांच्या कपाटात तीच मोरपंखी कादंबरी होती, घरची, एकही पान न गेलेली. मी ती त्यांच्या ओट्यावरच उघडली. वाचनालयाच्या प्रतीत जी पाने नव्हती त्यांच्यावर राजाच्या बागेतल्या फुलझाडांचे वर्णन होते. गुलाब, मोगरा, शेवंती, कारंजी. मी पुढे वाचले, मागे वाचले, शेवटपर्यंत वाचले. सावली कुठेच गहाण पडली नव्हती. बांगडीवाला तर नावालाही नव्हता.

त्या ओट्यावर मला जो आनंद झाला तसा परीक्षेचा निकाल लागल्यावरही झाला नव्हता. पुस्तक मागून घेतले आणि त्याच शनिवारी सोनईला गेलो. खोलीतल्या सोबत्याला काहीच बोललो नाही. त्याने विचारले, "अरे, गेल्याच आठवड्यात गेला होतास ना?" मी म्हणालो, "काम आहे."

दुपारी वहिनींपुढे मी पुस्तक ठेवले. "ही धड प्रत हाय, वैनी. फाटलेली पानं ह्यात हायेत. वाचा."

त्यांनी हात धुतले. पदराला पुसले. ती पाने काढून मोठ्याने वाचू लागल्या. गुलाब झाला, मोगरा झाला. शेवंतीपाशी शेजारच्या म्हातारीने जांभई दिली.

"मंग सावली कुटं हाय?" वहिनींनी विचारले.

"न्हाई. कुठंच न्हाई. मी सगळं पुस्तक बघितलं." मी इतका वेळ याच क्षणाची वाट पाहत होतो. "त्यानं तुमाला पुस्तकातलं सांगितलंच न्हाई. मनचं सांगितलं. पायऱ्यांवरच्या लोकांस्नी बी तो असंच सांगतो."

वहिनींनी पुस्तक मिटले. मला वाटले, आता त्या चिडतील. गुळाच्या कागदावरचा मजकूर तुटला की चिडत तशा. त्यांचा चेहरा मात्र उजळत गेला.

"म्हंजी ते कुनी लिवल्यालंच न्हाई?"

"न्हाई."

"म्हंजी त्यांनी हितं, आपल्या पडवीत बसूनच केलं? आपल्यासाटनं?" त्या म्हातारीकडे वळल्या. "ऐकलं का, आत्याबाई? आपली गोष्ट दुसऱ्या कुनाकडं न्हाईच. नगरात बी न्हाई."

"पर बांगडीवाल्यानं हात सोडला का त्ये इचार आधी," म्हातारी म्हणाली.

"व्हय की." वहिनी माझ्याकडे झुकल्या. "भावजी, मंग तुमी असं करा. पुस्तकात न्हाई तर त्यांनाच इचारून या. पुढं काय झालं? सावली सुटली का?"

मी नगरला परत जाताना मोटारीत खिडकीशी बसलो होतो आणि मांडीवर ते जड पुस्तक होते. मित्राचा खोटेपणा मी उघडा पाडला आणि त्यामुळे तो पूर्वीपेक्षा मोठा झाला. आता तर तो नुसता सांगणारा राहिला नव्हता, रचणारा झाला होता. आणि त्याला विचारून यायचे काम पुन्हा माझेच.

मी विचारले. तो खाटेवर पडून पेरू खात होता.

"कुठली सावली?"

"आमच्या घरी सांगितलीस ती. राजाची मुलगी. बांगडीवाला."

त्याला आठवायला वेळ लागला. "हां हां, ती! अरे, पुस्तक कंटाळवाणं होतं. तुझ्या वहिनी अशा आशेनं बसल्या होत्या, म्हटलं काहीतरी घालावं." तो उठून बसला. "त्यांनी पुस्तकात शोधली की काय?"

"शोधली. सावली सुटली का, म्हणून विचारलंय."

"मला काय माहीत? मी तेवढंच केलं होतं." त्याने पेरूचा उरलेला तुकडा माझ्यापुढे धरला. "तूच सांग काहीतरी. सुटली म्हणावं. लग्न लागलं म्हणावं. लोकांना तेच हवं असतं."

मी पेरू घेतला नाही. मला त्याचे नवल वाटले. ज्या गोष्टीसाठी आमच्या पडवीतल्या बायका खोळंबल्या होत्या, ती त्याच्या लक्षातही नव्हती. माझ्याकडे ती असती तर मी ती जपून ठेवली असती. त्याच्याकडे इतके होते की सांडले तरी त्याला कळत नव्हते. हा मत्सर आधीच्यापेक्षा वाईट होता, कारण यात त्याची काहीच चूक नव्हती.

पुढचे सगळे दिवस मी शेवट जुळवीत होतो. वर्गात, खानावळीत, नळावर कपडे धुताना. बांगडीवाला हाच वेष पालटलेला राजपुत्र निघाला. त्याने जादूगाराला हरवले, पेटी फोडली, सावलीची घडी उलगडून राजकन्येच्या पायाला लावली आणि दोघांचे थाटात लग्न झाले. मला तो शेवट फार चांगला वाटला. मी तो मनात इतक्यांदा म्हटला की पाठ झाला.

घरी पोचलो तेव्हा बायका जमलेल्याच होत्या. "त्यानं सांगितलंय," मी म्हणालो. माझे म्हणून सांगितले तर त्या फडताळात ठेवतील अशी मला भीती होती. मी खांबाला टेकून बसून पाहिले, पण ते मला जमेना. सरळ बसलो आणि सांगितले. मध्ये अडखळलो. पेटी फुटण्याच्या जागी जरा बरे जमले. लग्न लावून संपवले.

"झालं बाई, सुटली एकदाची," म्हातारी म्हणाली आणि शेंगांचे सूप पुढे ओढले. बाकीच्याही कामाला लागल्या. वहिनी तशाच बसून राहिल्या होत्या.

"आता ती कवाबी भाईर पडू शकती?" त्यांनी विचारले.

"व्हय. आता सावली हाय ना तिला."

"मंग दुपारची येती का न्हाई? बाजारात?"

"आता कशाला दुपारचीच येईल? सकाळी ईल, संध्याकाळी ईल. रानीच झाली ती."

"येऊ शकती ते कळलं मला. येती का?"

राजकन्या लग्नानंतर काय करते याचा मी विचारच केला नव्हता. माझ्या सगळ्या आवडत्या कादंबऱ्या लग्नापाशीच संपत.

"विचारून येतो," मी म्हणालो.

"कुनाला?" वहिनी म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर हसू होते, पण चेष्टेचे नव्हते. "लगीन लावायचं त्यांच्या ध्यानात बी आलं नसतं, भावजी. हे सगळं तुमचंच हाय. तुमी बसला तवाच कळलं मला."

मी मान खाली घातली. "त्याला पुढचं म्हाईतच नव्हतं, वैनी."

"नसू दे. आता त्यांना इचारू बी नका." त्यांनी माझ्यापुढे थोड्या शेंगा सारल्या. "तुमी सांगा. येती का ती?"

इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच, मित्राचे नाव न काढता, मला विचारले होते. मला हवे होते ते हेच होते. मी एक शेंग हातात घेतली आणि फोडली. बाहेर उन्हात गोठ्याची सावली भिंतीच्या बुडाशी होती, अजून लांबायला लागली नव्हती. आणि मी पहिले वाक्य शोधत असताना माझ्या मनात आधी आले ते हे, की माझ्या जागी तो असता तर त्याने कुठून सुरुवात केली असती.

"येते," मी म्हणालो. "पण आता बाजारातलं कुणी तिच्याशी पहिल्यासारखं बोलत नाही."

वहिनींनी हातातली शेंग खाली ठेवली.

"का बरं?" त्या म्हणाल्या.